मंद झालेली पाटी

आमच्या धर्मग्रामात एक निवृत्त शिक्षिका राहतात. तीन पिढ्यांच्या मुलांची बोटे धरून त्यांनी अक्षरे गिरवून घेतली. त्यामुळे सारा गाव त्यांना बाई म्हणतो, आणि आम्हीही बाईच म्हणतो. काही वर्षांपूर्वी आखातात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलाने सुट्टीवर येताना त्यांच्यासाठी एक टॅब्लेट आणला. बाईंनी त्याचे नाव ठेवले पाटी. त्या पाटीवर त्यांनी एक काम आरंभिले. वसईच्या आमच्या पट्ट्यात सामवेदी बोलीतील लग्नगीते येणाऱ्या वृद्ध स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत. बाई त्यांच्या घरी जात, ओटीवर बसून गाणे ध्वनिमुद्रित करीत आणि घरी आल्यावर शब्द ऐकून ऐकून पाटीवर उतरवीत.

एका रविवारी मिस्सानंतर बाई पाटी घेऊन आमच्याकडे आल्या. पडद्यावर एक सूचना उमटली होती. यंत्राच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती तयार आहे, ती आता घ्यायची की नंतर, असा प्रश्न होता. बाईंनी विचारले, "फादर, हे घेऊ का?" आम्ही घाईत होतो. बाप्तिस्म्याची मंडळी ताटकळत उभी होती. आम्ही म्हणालो, "घ्या की बाई. फुकट आहे, आणि नवे आहे म्हणजे चांगलेच असणार."

चार महिन्यांनी बाईंच्या घरी जाण्याचा योग आला. पाटी कपाटावर रुमालात गुंडाळून ठेवलेली दिसली. आम्ही सहज विचारले, "बाई, गाणी कुठवर आली?" बाई म्हणाल्या, "सोडले, फादर. अक्षर उमटायच्या आत मी दुसरे दाबते, मग सगळेच चुकते. यंत्र चांगले आहे, मुलाने एवढे पैसे घालून आणले आहे. मीच मंद झाले."

आम्ही पाटी हातात घेतली. एक अक्षर दाबले. ते पडद्यावर उमटेपर्यंत एक श्वास घेऊन सोडून झाला. गाण्यांचा कप्पा उघडायला त्याहून वेळ लागला, आणि उघडताच तो आपोआप मिटला. मंद झाली होती ती पाटी. बाईंनी मात्र तो दोष चार महिने स्वतःच्या माथी घेतला होता.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. एखादी वस्तू विकली गेली, तिचे दाम चुकते झाले, ती घरात आली. पुढे विकणाऱ्यानेच पुन्हा येऊन, फुकट आणि कदाचित चांगल्या हेतूने, तिच्यात बदल केला, आणि त्या बदलाने वस्तू दुबळी झाली. येथे कोणाचा काही अपराध घडला का? घडला असेल तर तो नेमका कोणता?

उत्तर शोधण्यापूर्वी हे घडते कसे ते समजून घेतले पाहिजे, कारण अज्ञानातून केलेला आरोप हाही अन्यायच होय. टॅब्लेटमध्ये दोन प्रकारच्या जागा असतात. एक साठवणीची, म्हणजे घरातल्या फडताळासारखी. दुसरी कामाची, म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी. फडताळ मोठे असले तरी एका वेळी शिजते तेवढेच, जेवढे ओट्यावर मावते. नवी कार्यप्रणाली बहुधा नव्या यंत्रांचा मोठा ओटा समोर ठेवून रचलेली असते. ती जुन्या यंत्रावर आली की ओटा तेवढाच राहतो आणि भांडी वाढतात. मग एक पातेले ठेवायला दुसरे उचलावे लागते. यंत्राचा वेळ कामापेक्षा या उचलठेवीतच जातो. शिवाय फडताळ काठोकाठ भरलेले असेल, तर नवे काही ठेवण्याआधी जुन्याची आवराआवर करावी लागते, आणि यंत्र आणखी रेंगाळते.

प्रत्येक मंदपणा मात्र कायमचा नसतो. नवी आवृत्ती बसल्यावर पहिले एकदोन दिवस यंत्र आतल्या आत छायाचित्रांची सूची पुन्हा लावीत असते आणि निरनिराळी अ‍ॅप्स नव्या प्रणालीशी जुळवून घेत असते. ते काम उरकले की पुष्कळदा वेग परत येतो. काही वेळा दोष प्रणालीचा नसून झिजलेल्या बॅटरीचा असतो. काही वेळा अ‍ॅप्सच दरवर्षी जड होत जातात आणि आपण विनाकारण अपडेटला बोल लावतो. म्हणून दोन दिवस थांबावे, जागा मोकळी करावी, यंत्र एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावे, आणि मगच निवाडा करावा.

एवढे करूनही मंद राहिलेल्या यंत्रांची उदाहरणे थोडी नाहीत. अ‍ॅपल कंपनीचा आयपॅड २ हा टॅब्लेट मार्च २०११ मध्ये बाजारात आला. त्याचा ओटा, म्हणजे कामाची स्मृती, केवळ ५१२ मेगाबाइटची होती. तो आला तेव्हा त्यावर चौथ्या क्रमांकाची कार्यप्रणाली होती. सप्टेंबर २०१५ मध्ये नववी आवृत्ती निघाली आणि तीही त्या यंत्राला देण्यात आली. एका यंत्राला इतकी वर्षे नव्या आवृत्त्या मिळाव्यात ही कौतुकाची गोष्ट होती. परंतु शेवटच्या आवृत्त्या घेतल्यावर यंत्र रखडते, अशी अनेकांची तक्रार होती. आणि मागे वळण्याची वाट बंद होती, कारण जुन्या आवृत्तीला मान्यता देणे कंपनी काही काळाने थांबविते.

दुसरे उदाहरण नेक्सस ७ चे. गुगलसाठी आसूस कंपनीने घडविलेला हा टॅब्लेट २०१२ साली १९९ डॉलरपासून मिळू लागला. स्वस्त आणि चपळ म्हणून तो लोकांच्या पसंतीस उतरला. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याला अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती, लॉलीपॉप, मिळाली, आणि पुष्कळांच्या हातातले चपळ यंत्र अडखळू लागले. येथे मात्र मागे जाण्याची एक वाट होती. जुन्या आवृत्तीच्या प्रती गुगलने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या होत्या. परंतु त्या वाटेने जाण्यास संगणक हवा, तांत्रिक ज्ञान हवे, आणि यंत्रातला सारा मजकूर पुसला जाण्याची तयारी हवी. जाणकाराला ती वाट होती. बाईंसारख्यांना ती असून नसल्यासारखी होती.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळू. सेमिनरीत न्यायाचे प्रकरण शिकताना आम्हाला तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांचे विवेचन अभ्यासावे लागले होते. त्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या दुसऱ्या विभागात सत्त्याहत्तरावा प्रश्न खरेदीविक्रीतील फसवणुकीचा आहे. विकणाऱ्याने वस्तूतील दोष सांगितला पाहिजे का, असा मुद्दा तेथे येतो. त्यांचे उत्तर थोडक्यात असे. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि किंमतही त्या मानाने कमी घेतली असेल, तर तो मुद्दाम सांगण्याचे बंधन नाही. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोचणार असेल, तर तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य ठरते. याच प्रश्नात ते आणखी एक गोष्ट सांगतात. विकणाऱ्याला दोष ठाऊकच नसेल तर त्याला पाप लागत नाही. मात्र दोष कळून आल्यावर भरपाई करण्याचे बंधन त्याच्यावर येते.

साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा घोड्याचा निवाडा आपल्या पाटीला लागू पडतो काय? कोणी म्हणेल, येथे विक्री कुठे आहे? नवी आवृत्ती फुकट दिली जाते, आणि धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण त्यात एक चूक आहे. ही धर्माची गाय नव्हे. गोठ्यातली ही गाय पूर्ण दाम मोजून विकत घेतलेली आहे. विकणाऱ्याने नंतर येऊन तिला फुकटचा चारा घातला आणि तिचे दूध आटले. अशा वेळी चारा फुकट होता असे सांगून विकणाऱ्याला मोकळे होता येत नाही.

तरीही विकणाऱ्याची बाजू ऐकलीच पाहिजे, आणि ती हलकी नाही. कार्यप्रणालीत सुरक्षेची छिद्रे सापडत राहतात. ती बुजवली नाहीत तर परका मनुष्य यंत्रात शिरतो. ऑगस्ट २०१६ मध्ये टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब या संस्थेच्या आणि लुकआउट या कंपनीच्या संशोधकांनी पेगासस नावाची पाळत ठेवणारी प्रणाली उघडकीस आणली. ती आयफोनमधील तीन छिद्रांतून आत शिरत असे. अ‍ॅपलने तातडीने ९.३.५ ही आवृत्ती काढून ती छिद्रे बुजवली, आणि ती आवृत्ती त्या जुन्या आयपॅड २ लाही दिली. म्हणजे ज्या मालिकेतील आवृत्त्यांनी यंत्र जड केले, तिच्यातीलच एका आवृत्तीने त्याचे रक्षण केले. अपडेट घेऊच नये असे सांगणारा मनुष्य दुसऱ्याला उघड्या दाराच्या घरात झोपायला सांगत असतो. आम्ही तसे सांगणार नाही.

मग दोष कुठे राहिला? आमच्या मते तो मंदपणात नाही. वस्तू जुनी होते, झिजते. तो सृष्टीचा नियम आहे आणि त्यासाठी कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही. दोष आहे तो न सांगण्यात. नीतिशास्त्र शिकवते की मानवी कृतीला ज्ञान आणि स्वेच्छा हे दोन आधार असावे लागतात. ज्याला परिणाम ठाऊक नाही, त्याने दाबलेला 'होय' हा अर्धाच होय असतो. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर जोखीम सांगतात आणि मग सही घेतात. ती सही म्हणजे रुग्णाच्या माणूसपणाला दिलेला मान असतो. बाईंच्या पडद्यावर नव्या सोयींची वर्णने होती, रंगीत चित्रे होती. तुमचे यंत्र जुने आहे, यामुळे ते मंद होण्याचा संभव आहे, आणि एकदा घेतल्यावर मागे जाता येणार नाही, ही तीन वाक्ये तेवढी नव्हती.

हा केवळ आमचा तर्क नाही. टॅब्लेटच्या भावंडांच्या, म्हणजे फोनच्या बाबतीत, युरोपात यावर निर्णय झाले आहेत. जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयफोनसाठी एक आवृत्ती दिली. झिजलेल्या बॅटरीचे काही फोन अचानक बंद पडत होते. ते पडू नयेत म्हणून या आवृत्तीत फोनचा वेग गरजेनुसार कमी करण्याची योजना होती. हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु वेग कमी केला जात आहे हे लोकांना स्पष्टपणे सांगितले गेले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये वेगाच्या मोजमापांवरून गोष्ट बाहेर आली, तेव्हा कंपनीने ती मान्य केली, क्षमा मागितली, आणि बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. पुढे मार्च २०१८ मध्ये ही योजना बंद करण्याचा पर्यायही वापरणाऱ्याच्या हाती दिला. ज्याला केवळ नवी बॅटरी पुरली असती, अशा किती जणांनी यंत्र संपले असे समजून नवा फोन घेतला असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा व ग्राहकहित प्राधिकरणाने अ‍ॅपलला १ कोटी युरोचा आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला. नव्या यंत्रांसाठी रचलेल्या आवृत्त्या जुन्या फोनवर घेण्यास ग्राहकांना प्रवृत्त केले, पुरेशी माहिती दिली नाही, आणि पूर्वस्थितीत जाण्याचा मार्ग ठेवला नाही, हे त्यातील मुख्य आक्षेप होते. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्समध्ये अ‍ॅपलला अडीच कोटी युरो भरावे लागले. तेथील निर्णयाचा गाभा विचारात घेण्याजोगा आहे. फोन मंद होऊ शकेल हे ग्राहकांना सांगितले नाही, हे त्या दंडाचे कारण होते. न्यायाच्या भाषेत याला माहिती दडविणे म्हणतात. आमच्या भाषेत ते कर्तव्य टाळल्याने घडणारे पाप होय.

या पापाचे फळ पैशांच्या नुकसानीपेक्षाही कडू असते. ज्याला यंत्राचे ज्ञान आहे, तो यंत्राला दोष देतो, तक्रार लिहितो, उपाय शोधतो. ज्याला ज्ञान नाही, तो स्वतःला दोष देतो. आपली बोटे जड झाली, डोके चालेनासे झाले, हे आता आपले जग नाही, असे त्याला वाटू लागते आणि तो मुकाट्याने बाजूला होतो. वृद्धांच्या बाबतीत हे फार सहज घडते, कारण दुबळेपणाची भीती त्यांच्या मनात आधीच दबा धरून बसलेली असते. सत्य न सांगणारा मनुष्य येथे दुसऱ्याच्या आत्मविश्वासाची चोरी करतो, आणि आपण चोरी केली हे त्याला कळतही नाही. बाईंची पाटी मंद झाली ही हानी होती. आपण मंद झालो असे बाईंना वाटले, हा आमच्या मते अन्याय होता.

यातूनच दुसरी हानी संभवते. मंद यंत्र बिघडलेले समजून टाकून दिले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला, आणि त्यातील चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात वस्तू फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी जो इशारा दिला, त्यात वस्तूंबरोबर माणसेही टाकाऊ ठरविली जातात ही खंत होती. रुमालात गुंडाळलेली ती पाटी पाहताना आम्हाला त्या खंतीचा अर्थ नव्याने उमगला.

कायदा हळूहळू जागा होत आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार फोन व टॅब्लेट यांच्या उत्पादकांनी, त्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे कार्यप्रणालीची अपडेट्स उपलब्ध ठेवली पाहिजेत. आपल्या देशातही ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि अधिक वर्षे अपडेट देणे आणि ते देताना खरे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्याने घडू शकते. दुसरीसाठी देणाऱ्याने घेणाऱ्यांतील सर्वांत दुबळ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

येथवर आम्ही कंपन्यांविषयी बोललो. परंतु लेखणी खाली ठेवण्यापूर्वी आम्हाला एका गोष्टीची कबुली दिली पाहिजे. बाईंनी ती सूचना घेऊन कोणाचा सल्ला विचारला होता? आमचा. कंपनीने मौन पाळले, आणि आम्ही माहिती नसताना तोंड उघडले. नवे ते चांगलेच असणार, हे वाक्य आम्ही कोणत्या आधारावर उच्चारले? ज्याच्या शब्दावर लोक विसंबतात, त्याने ठाऊक नसलेल्या गोष्टीत ठाऊक नाही असे म्हणणे हेही सत्याचेच कर्तव्य आहे. ते आम्ही पाळले नाही. घराघरांतून आज मुले आईवडिलांची यंत्रे हाती घेतात, न विचारता 'होय' दाबतात आणि निघून जातात. नंतर आईला बटण सापडेनासे झाले की तिच्यावर चिडतात. त्यांनीही या कबुलीत स्वतःचा वाटा शोधावा.

पुढच्या रविवारी आम्ही बाईंच्या घरी पुन्हा गेलो. म्हणालो, "बाई, मंद पाटी झाली आहे, तुम्ही नाही. आणि घ्या म्हणून सांगणारे आम्ही होतो. आमची चूक झाली." बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शाळेतल्या स्वरात म्हणाल्या, "फादर, येत नसेल तर येत नाही म्हणावे. मी मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवीत असे."

युवक मंडळातील दोन मुलांनी येऊन प्रथम सारी गाणी एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. नको असलेली अ‍ॅप्स काढली आणि साठवणीची जागा मोकळी केली. पाटी थोडी सुधारली, पण पूर्वीसारखी झाली नाही, आणि तसे होणार नाही हे आम्ही बाईंना स्पष्ट सांगितले. आता बाई तिच्यावर फक्त आवाज मुद्रित करतात आणि शब्द दोनशे पानी वहीत उतरवतात. गेल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला ती वही दाखवली. हळदीची गाणी पूर्ण झाली आहेत, वरातीची चालू आहेत. अक्षर अजून पूर्वीसारखेच वळणदार आहे.